ढब्बूचा बॅकअप

शनिवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. आमच्या धंद्यात वीकांताला सकाळी साडेसातला फोन वाजला की माणूस आधी लॅपटॉप उघडतो आणि मग फोन उचलतो. कुठलातरी सर्व्हर झोपला असणार ही खात्रीच. पण फोन ताईचा होता आणि ती चक्क कुजबुजत होती.

"अरे, ससोबा हरवला."

अर्धवट झोपेत मला आधी वाटलं कुणी नातेवाईक. मग ट्यूब पेटली. ससोबा म्हणजे माझ्या भाचीचा ससा. भाची चार वर्षांची, ससा साडेतीन वर्षांचा. मूळचा पांढरा, पण आता त्याचा रंग साधारण गाळणीला लावलेल्या फडक्यासारखा झालाय. उजवा कान चावून चावून शेवयांसारखा. त्याच्याशिवाय बाईसाहेब झोपत नाहीत, जेवत नाहीत, पॉटीवरही बसत नाहीत.

"काल रात्री कोकणातून येताना वाटेत चहाला थांबलो होतो, तिथे राहिला असणार. दाजींनी फोन करून पाहिला, नाही सापडत म्हणाले. ती अजून उठली नाहीये. तू पटकन ऑनलाइन शोध ना. अगदी सेम हवा. तोच रंग, तेच डोळे. दोन दिवस काहीतरी सांगून काढते, मग सांगेन ससोबा आला परत म्हणून. आणि ऐक, दोन मागव. एक बॅकअपला."

बॅकअप! हा शब्द तिनं नेमका माझ्यासमोर काढावा? अहो, मी पोटापाण्यासाठी दुसरं करतो तरी काय? लोकांच्या डेटाबेसचे बॅकअप घेतो, ते नीट परत उभे राहतात का हे तपासतो, आणि राहिले नाहीत तर रात्रभर जागतो. तेव्हा ससा शोधणं अवघड नव्हतं. पाच मिनिटांत सापडला. तोच ससा, सोमवारी घरपोच. कार्टमध्ये दोन टाकले. आणि 'ऑर्डर करा'वर बोट नेऊन थांबलो.

ताईला परत फोन लावला. म्हटलं, "ससा मागवतो. पण तिला खोटं नको सांगूस."

"तुला काय जातंय सांगायला? रात्री दोन वाजता तू येणारेस का तिला झोपवायला? आणि खोटं काय त्यात? बाबांनी नव्हता का तुझा ढब्बू आणला असाच? तुला कुठे कळलं होतं?"

मी म्हटलं, "ताई, मला कळलं होतं."

पलीकडे एकदम शांतता. तेवीस वर्षांनी हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो.

तर आता ढब्बूबद्दल सांगणं आलं.

ढब्बू हा कुत्रा. तपकिरी, लांब कानांचा, बसलेला. माझ्या पहिल्या वाढदिवसाला मामानं पुण्याहून, तुळशीबागेतून आणलेला. आम्ही तेव्हा कराडला. १९९८ साली आमच्या आजूबाजूच्या घरांमध्ये असल्या खेळण्यांची एक ठरलेली जागा असे, ती म्हणजे हॉलमधलं शोकेस. तुम्हीही पाहिलं असेल. वरच्या फळीवर बाबांचा कुठलातरी चषक, मधल्या फळीवर कधीच न वापरलेला काचेचा सेट, आणि खालच्या फळीवर टेडी, तोही आलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. "हात लावू नको, खराब होईल." पोरं काचेबाहेरून बघणार आणि टेडी पिशवीतून बघणार. माझ्या एका मित्राकडे असा एक टेडी अजून आहे. सत्तावीस वर्षांत एक डाग नाही त्याच्यावर. नावही नाही.

ढब्बू या नशिबातून सुटला, कारण मी पिशवी पहिल्याच दिवशी फाडली म्हणे. पुढची चार वर्षं तो माझ्याबरोबर सगळीकडे. त्याच्यावर वरणभात सांडलाय, खोकल्याचं औषध सांडलंय, आणखीही काय काय झालंय. आई त्याला रविवारी बादलीत बुडवायची आणि एका कानाला चिमटा लावून दोरीवर लटकवायची. तो वाळेपर्यंत मी दोरीखाली बसून असायचो. दर रविवारी त्याच कानाला चिमटा, त्यामुळे डावा कान उजव्यापेक्षा बोटभर लांब झाला होता. एक डोळा मी उपटला होता, तिथे आईनं बाबांच्या जुन्या शर्टाचं पांढरं बटण लावलं होतं. त्यामुळे ढब्बू कायम काहीतरी आश्चर्य वाटल्यासारखा दिसायचा. आणि त्याचा वास! वॉशिंग पावडर, व्हिक्स आणि माझी लाळ यांचं ते मिश्रण मला आजही जसंच्या तसं आठवतं.

मे २००२. मी पाच वर्षांचा. कराडहून एसटीनं चिपळूणला मावशीकडे निघालो. कुंभार्ली घाटात माझं जे व्हायचं ते झालं. खिडकीतून पोट रिकामं. आई मला धरतेय, ताई नाक धरतेय, बाबा पिशव्या धरतायत, आणि ढब्बूला कुणीच धरलेलं नाही. चिपळूणला उतरलो, गाडी पुढे गुहागरला गेली, आणि मावशीच्या दारात चपला काढताना मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी बाबा गुहागरला जाऊन आले. स्टँडवर चौकशी केली. तिथल्या माणसानं बिचाऱ्यानं कपाट उघडून दाखवलं. दोन छत्र्या, एक जेवणाचा डबा. कुत्रा नाही. मी पुढचे चार दिवस रडलो. मावशीच्या आंब्यांना हात लावला नाही, म्हणजे विचार करा.

कराडला परतल्यावर आठवड्याभरानं एके संध्याकाळी बाबा घरी आले ते हात मागे लपवून. "बघ कोण आलंय! गुहागरला समुद्र बघायला गेला होता म्हणे." हात पुढे. ढब्बू!

तपकिरी, लांब कानांचा, बसलेला. एका डोळ्याच्या जागी पांढरं बटण.

मी हातात घेतला, आणि घेतल्या घेतल्या कळलं. कान सारखे होते. पोट टणक होतं. वास दुकानाचा होता. आणि बटण... ढब्बूच्या बटणाला दोन भोकं होती, याच्या बटणाला चार. पांढऱ्या बटणावर काळा दोरा, तोही असा आडवातिडवा, की आईनं शिवलेलं नाही हे पाच वर्षांच्या पोरालाही समजावं.

मी वर बघितलं. बाबा माझ्याकडे बघत होते. बाबांचा तो चेहरा मी तोपर्यंत कधी पाहिला नव्हता. शाळेत आपण पेपर देऊन बाईंसमोर उभे राहतो ना, तसा.

मी म्हटलं, "हो. ढब्बू."

बस्स. एवढंच. त्या रात्री मी त्याला उशाशी घेतला, सगळे झोपल्यावर खाली ठेवला. थोड्या दिवसांनी तो आपोआप शोकेसमध्ये गेला. सगळ्यांना वाटलं, पोरगा मोठा झाला.

आता इथपर्यंत वाचून तुमच्यातले काही जण म्हणतील, अरे बाबा, कापड आणि कापूस. एवढं काय त्यात? माझा टीम लीडही हेच म्हणाला. म्हणून सोमवारी जेवणाच्या सुट्टीत जरा खोदकाम केलं.

पहिला माणूस डोनाल्ड विनिकॉट. इंग्लंडमधला बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९५१ साली त्यानं एक निबंध वाचला, आणि लहान मुलं ज्या गोधडीला, फडक्याला किंवा बाहुलीला चिकटून असतात त्या वस्तूकडे गंभीरपणे बघायला सांगितलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आई आणि मी एकच आहोत या समजुतीपासून आई वेगळी आणि मी वेगळा या समजुतीकडे जाताना मुलाला मध्ये एक पूल लागतो. ही वस्तू म्हणजे तो पूल. ती धड पूर्ण आतली नाही, धड पूर्ण बाहेरची नाही. आणि तिच्यात बदल करायचा तर तो मुलानं करावा, दुसऱ्यानं नाही. ती घाण झाली, वास मारायला लागली तरी आया तिला सहसा धूत नाहीत, कारण धुतली तर मुलाच्या अनुभवाचा धागाच तुटतो, हेही त्यानं नोंदवलंय. (आमच्या आईनं विनिकॉट वाचला नव्हता हे उघड आहे.)

दुसरी जोडी ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम. यांचा प्रयोग २००८ साली 'कॉग्निशन' या नियतकालिकात आला आणि तो वाचून मी अक्षरशः डबा तसाच ठेवून बसलो. त्यांनी मुलांसमोर एक यंत्र ठेवलं. दोन खोकी, दिवे, बटणं. एका खोक्यात वस्तू ठेवायची, घरघर होते, आणि दुसऱ्या खोक्यात हुबेहूब तशीच वस्तू तयार! यंत्र अर्थातच खोटं होतं, हातचलाखी. पण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना ते खरं वाटलं. मग मुलांना विचारलं, तुमच्या खेळण्याची अशी कॉपी केली तर घरी कुठलं नेणार? मूळचं की नवं? ज्यांनी नुसतं एखादं खेळणं आणलं होतं, त्यातल्या बऱ्याच जणांना नव्याचं काही वावडं नव्हतं. पण ज्यांनी रोज उशाशी घेऊन झोपायची वस्तू आणली होती, त्यांतल्या बहुतेकांना मूळचीच हवी होती. आणि काही पोरांनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही!

बघा, सगळं सारखं आहे. रंग, कापड, कान, डोळे. आमच्या भाषेत बोलायचं तर डेटा बिट टू बिट तोच. तरी नको.

वेडेपणा आहे का हा? मला नाही वाटत. आमच्या गिटमध्ये रोज हेच चालतं. दोन जणांनी अगदी एकसारखी फाइल लिहिली तर फाइलची ओळख एकच येते. पण कमिटची ओळख वेगळी येते, कारण तिच्यात कुणी, कधी आणि कशाच्या पाठोपाठ हे सगळं मिसळलेलं असतं. पोरांना फाइल नको असते हो, त्यांना कमिट हवी असते. लांब झालेला कान म्हणजे चार वर्षांचे रविवार. ते दुकानात मिळत नाहीत.

आणि गंमत म्हणजे उलटं चालतं. ढब्बूचा डोळा बदलला, तो ढब्बूच राहिला. शिवण उसवून थोडा कापूस गेला, आईनं जुन्या उशीतला भरला, तरी ढब्बूच. भाग बदलले तरी चालतात, इतिहास सलग पाहिजे. इतिहास तुटला की सगळे भाग बरोबर असूनही तो परका.

नकलेची धास्ती कंपन्यांनाही पहिल्यापासून आहे. टेडी हे नाव अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावरून आलं. १९०२ साली शिकारीत त्यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलाला गोळी घालायला नकार दिला, त्यावर वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं आणि ब्रुकलिनमधल्या मिचटम नवरा-बायकोनं कापडी अस्वल करून दुकानात मांडलं. त्याच सुमारास जर्मनीत स्टाइफ कंपनीनं आपलं अस्वल काढलं. हे आमचंच हे ओळखू यावं म्हणून १९०४ पासून स्टाइफवाल्यांनी खेळण्याच्या कानात धातूचं बटण ठोकायला सुरुवात केली. म्हणजे अस्सलपणाची खूण म्हणून बटण! मला हे वाचून हसूच आलं. त्यांचं कानात, माझं डोळ्यात.

पण सगळ्यात कहर आमच्या धंद्यातला आहे. हडूप हे नाव आयटीवाल्यांनी ऐकलं असेलच. प्रचंड डेटा शेकडो मशीन्सवर पसरून ठेवायची प्रणाली. ती उभी करणाऱ्या डग कटिंग यांनी तिला नाव दिलं ते आपल्या मुलाच्या पिवळ्या कापडी हत्तीचं! आणि ही प्रणाली करते काय? डेटाच्या प्रत्येक तुकड्याच्या न सांगताही तीन-तीन प्रती ठेवते. एक मशीन मेलं, दुसरीकडून घ्या. दुसरं मेलं, तिसरीकडून. जगभरच्या कंपन्यांनी ज्या हत्तीच्या नावावर आपला डेटा तीन तीन ठिकाणी ठेवला, त्या हत्तीची प्रत मात्र एकच.

तर माझं म्हणणं हे आहे. या खेळण्याचा बॅकअप नसतो. तो घेता येत नाही म्हणून नव्हे, दोन ससे कार्टमध्ये टाकायला मला पाच मिनिटं लागली. पण तो रिस्टोअर होत नाही. आणि आमच्याकडे म्हणतात, जो रिस्टोअर होत नाही तो बॅकअपच नव्हे. आईबापांना हल्ली सर्रास सल्ला दिला जातो की आवडत्या खेळण्याचे दोन नग घ्या, एक लपवून ठेवा. दोन्ही पहिल्यापासून आलटूनपालटून वापरात असतील, दोन्ही सारखेच मळत असतील, तर ठीक, निदान दोघांनाही इतिहास मिळतो. माझं भांडण हरवल्यावर नवा आणून "हा तोच" म्हणण्याशी आहे.

कारण पोराला कळतं. आणि कळल्यावर ते पोर गप्प बसतं, ही खरी भानगड आहे.

दोन वर्षांनी, २००४ मध्ये, आजी आजारी पडली. तिला साताऱ्याला दवाखान्यात नेलं. मी बाबांना विचारलं, आजी बरी होऊन येणार ना? बाबा म्हणाले, "हो, येणार." मी वर बघितलं. तोच चेहरा होता. गुहागरला समुद्र बघायला गेला होता म्हणतानाचा.

मी पुढे काही विचारलं नाही. "मला भेटायला न्या" असंही म्हटलं नाही, कारण तसं म्हटलं असतं तर बाबांना कळलं असतं की मला कळलंय. सात वर्षांचा पोरगा बापाला सांभाळत होता. आजी आली नाही. तिला शेवटचं बघायचं राहून गेलं ते आजतागायत राहिलेलंच आहे.

मी बाबांना दोष देत नाहीये. खरंच नाही. त्यांच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. पण एका कापडी कुत्र्यावरून आमच्या घरात एक करार झाला होता, न बोलता. तुम्ही मला वाईट बातमी सांगायची नाही, आणि मी ती ओळखल्याचं दाखवायचं नाही. असे करार पुढे मोडता मोडत नाहीत.

शनिवारी ताईचा फोन ठेवल्यावर मी बाबांना लावला. ते रिटायर होऊन आता कराडलाच असतात. इकडचं तिकडचं झालं. मग म्हटलं, "बाबा, तो दुसरा ढब्बू तुम्ही कुठून आणला होता?"

"कुठला दुसरा?" आणि मग जरा थांबून, "पुण्याहून. तुळशीबागेतून. बँकेच्या कामाला जातो म्हणून सांगितलं होतं तुझ्या आईला. रजा टाकली होती. चार दुकानं फिरलो, पाचव्यात मिळाला."

"आणि बटण?"

"ते मी शिवलं. येताना एसटीत बसल्या बसल्या. सुई-दोरा स्टँडसमोर घेतला, बटण अंगातल्या शर्टाचं तोडलं. खाली बघून शिवायचं आणि गाडी हलते, दोनदा बोटात सुई गेली. घरात शिवलं असतं तर तू बघितलं असतंस ना."

मी काहीच बोललो नाही. तेच म्हणाले, "तुला कळलं होतं, माहितीये मला. त्या दिवसानंतर तू त्याला एकदाही नावानं हाक मारली नाहीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तू काही म्हणाला नाहीस. मग मी काय म्हणणार?"

तेवीस वर्षं, मंडळी! कराड-पुणे-कराड असा सव्वातीनशे किलोमीटरचा हेलपाटा, मोडलेली रजा, हलत्या एसटीत बोटं टोचत शिवलेलं बटण. ही केवढी मोठी गोष्ट होती! आणि ती मला कधी मिळालीच नाही, कारण ती लपवणं हाच सगळ्या बेताचा पाया होता. त्या संध्याकाळी बाबा नुसतं एवढंच म्हणाले असते की "ढब्बू नाही रे सापडला, खूप शोधला, हा दुसरा आणलाय, याचा डोळा मी शिवलाय," तर मी रडलो असतो हे नक्की. कदाचित कुत्रा फेकूनही दिला असता. पण मला वाटतं, आठवड्याभरात मी त्याला उचललं असतं आणि त्याचं काहीतरी वेगळं नाव ठेवलं असतं. त्याला त्याचा स्वतःचा इतिहास सुरू करता आला असता. नकली ढब्बू म्हणून तो कायम नापास होणार होता. बाबांनी शिवलेला कुत्रा म्हणून तो पहिल्या दिवसापासून अस्सल होता.

हे सगळं मी ताईला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली ते मला पूर्ण खोडता येत नाही. ती म्हणाली, "तू आज अठ्ठावीस वर्षांचा आहेस म्हणून तुला हे इतकं नीट सांगता येतंय. ती चार वर्षांची आहे. तिला आत्ता, आज रात्री, झोप हवीये. आणि मलाही." बरोबर आहे. जो रात्री जागणार नाही त्यानं तत्त्वं सांगू नयेत, हा नियम आमच्या ऑन-कॉल रोटेशनलाही लागू आहे. म्हणून मी बॅग उचलली आणि दोन रात्री ताईकडे जाऊन राहिलो.

ताईनं तिला खरं सांगितलं. ससोबा हरवला, आपण शोधला, तो मिळाला नाही, आम्हालाही वाईट वाटतंय. पहिल्या रात्री ती अडीचपर्यंत रडली. दुसऱ्या रात्री दीडपर्यंत. मी कडेवर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारल्या, गाड्या मोजल्या, ससोबाच्या गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन तिनं चुकीच्या म्हणून दुरुस्त केल्या. एकूण चार रात्री गेल्या. ताई माझ्याशी नीट बोलत नव्हती आणि दाजी ऑफिसात डुलक्या काढत होते.

नवा ससा सोमवारी आलाच होता. (मी एकच मागवला होता, बॅकअप कार्टमधून काढून टाकला.) पाचव्या दिवशी ताईनं तो तिच्यासमोर ठेवला. "हा नवीन आहे. ससोबा नाही." तिनं बराच वेळ त्याला निरखून पाहिलं. कान ओढून बघितला, वास घेतला. मग विचारलं, "याला माहितीये का ससोबा हरवला ते?"

ताई म्हणाली, "तू सांग."

ती त्याला घेऊन सोफ्याच्या मागे गेली आणि बराच वेळ काहीतरी सांगत बसली. त्याचं नाव पांढरू ठेवलंय. रात्री तो पायथ्याशी झोपतो. उशाशी अजून कुणाला घेतलेलं नाही. ती जागा रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मला वाटतं एवढं पुरे.

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात 'विनी द पू'च्या गोष्टी ज्यांच्यावरून सुचल्या ती मूळ खेळणी काचेच्या कपाटात ठेवली आहेत. लेखक ए. ए. मिल्न यांच्या मुलाची, ख्रिस्तोफर रॉबिनची. पू आहे, पिगलेट आहे, इयोर, टिगर आणि कांगा आहेत. कांगाचं पिल्लू रू मात्र नाही. ते १९३०च्या दशकात सफरचंदाच्या बागेत कुठेतरी हरवलं. एवढी जगप्रसिद्ध खेळणी. मनात आणलं तर हुबेहूब रू करून ठेवणं काय अवघड होतं? पण त्या पाचांत सहावा नकली आणून बसवलेला नाही. हरवलंय ते हरवलंय.

परवा कराडला गेलो होतो. शोकेस अजून तिथेच आहे. खालच्या फळीवर तो बसलाय, चार भोकांचं बटण, काळा दोरा, एक टाका सुटत आलेला. आई म्हणाली दे इकडे, घट्ट करते. मी म्हटलं, नको. बाबांकडे दिला. त्यांनी चष्मा लावला, सुईत दोरा ओवायला पाच मिनिटं घेतली आणि मान खाली घालून शिवत बसले. मी समोर बसून बघत होतो.

आता तो माझ्याबरोबर पुण्यात आहे. कपाटावर बसवलाय. नाव अजून ठरत नाहीये. असो, घाई नाही.